साहेब ऐकत नाही

गादीवाल्याचं शिलाई मशीन सकाळपासून धडधडत होतं, पण सुईखाली कापड नव्हतं. धागासुद्धा ओवलेला नव्हता. खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या शिवण्यात ज्याची हयात गेली तो माणूस रिकामं मशीन चालवत बसला होता, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटत होतं, याच्याकडे कामाची काय रेलचेल आहे!

मशीन थांबलं की वरून आवाज यायचा. दुकानाचं छत म्हणजेच वरच्या घराची फळ्यांची जमीन. वर पलंगावर त्याची बायको पडून असायची. तिच्या डाव्या हाताच्या बोटात शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्ताण होतं आणि ते ती पलंगाच्या लाकडी पट्टीवर आपटत राहायची. साहेबाला नेल्यापासून हेच चाललं होतं. चमचा ओठांशी नेला की ती तोंड मिटून घ्यायची. डोळा लागला तरच तिचा हात थांबायचा. ती साहेबाला बोलावते आहे हे त्याला माहीत होतं आणि साहेब कुठे आहे हेही माहीत होतं, म्हणून तो ते ऐकायचंच टाळत होता. चांगला आडदांड गडी, पण बायकोच्या एवढ्याशा अंगुस्ताणापुढे त्याची पाचावर धारण बसली होती.

आज दुपारी साहेबाची परीक्षा होती. पास झाला तर घरी, नापास झाला तर मरणाची सुई.

साहेब म्हणजे कुत्रा. डोगो जातीचा, पांढराशुभ्र, मानेला जाड आणि छातीला रुंद. रानडुकराच्या शिकारीसाठी माणसांनी मुद्दाम घडवलेली ही जात. डुकराला धरायचं आणि शिकारी येऊन हात लावेपर्यंत सोडायचं नाही, हे तिच्या रक्तात भिनवलेलं. भिनवलं माणसांनी, आणि आता माणसंच तिच्या नावानं बोटं मोडत होती. कोणी म्हणायचं, यांचा जबडा एकदा बसला की कुलूपच. कोणी म्हणायचं, रक्ताची चव लागली की मालकालाही ओळखत नाहीत. ज्यांनी पाळला ते म्हणायचे, अहो लेकरू आहे लेकरू! तेही अर्धं खोटंच, कारण लेकराच्या तोंडात असले दात नसतात. धड खरं बोलायला दोन्ही बाजूंना सवड नव्हती. कित्येक शहरांत या जातीला बंदी होती. इथे परवाना मिळायचा, पण एका अटीवर. कुत्रा तोंडी हुकूम पाळणारा हवा.

आणि साहेब जन्मापासून ठार बहिरा होता. या पांढऱ्या जातीत काही पिल्लं अशी निघतात.

एका शिकारी गिऱ्हाइकाच्या जीपच्या सीटा बसवायला नवरा-बायको गेले होते, तेव्हा तो गिऱ्हाईक हे पिल्लू बादलीत बुडवायला निघाला होता. बायकोनं ते त्याच्या हातातून ओढूनच घेतलं आणि फोमच्या तुकड्यांच्या पिशवीत घालून घरी आणलं. वाटेत म्हणाली, "याचं नाव साहेब. कोणाचंच ऐकत नाही, म्हणजे साहेबच की!" तेव्हा तिचा आवाज असा होता, की वरच्या खिडकीतून ती समोरच्या फुटपाथवरच्या माणसाशी भांडायची आणि जिंकायची. पण साहेबाला शिकवताना मात्र ती तोंडानं एक शब्द बोलली नाही. तिनं त्याला फळ्यांवर शिकवलं. टाच एकदा आपटली की बस. सलग टकटक केली की ये. दोनदा आपटली, किंवा बरगडीवर हातानं दोन थापा दिल्या, की तोंडात असेल ते सोड. घरात कुठेही असला तरी फळ्यांचा हादरा साहेबाच्या पंजांना कळायचा.

परवान्याचा माणूस तपासायला घरीच आला होता. बायको "बस" म्हणाली आणि हळूच टाच आपटली. साहेब बसला. "सोड" म्हणाली, टाच दोनदा आपटली. साहेबानं तोंडातला चेंडू सोडला. तो माणूस चहा घेऊन, "फारच आज्ञाधारक आहे हो," असं म्हणत गेला. जिना उतरून तो दिसेनासा झाल्यावर दोघं पोट धरधरून हसली होती. फसवणूक होतीच ती. पण बादलीतून काढलेला जीव पुन्हा बादलीत कोण घालणार?

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, मानसुद्धा धड वळेना. गादीवाल्यानं तिचं शिवणाचं अंगुस्ताण उजव्या बोटातून काढून डाव्या बोटात घातलं, काही लागलं तर पट्टीवर वाजव म्हणून. ती वाजवायची, पण नवऱ्यासाठी नाही. टकटक झाली की साहेब यायचा आणि पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकून बसायचा. एक बहिरा, एक मुकी, आणि दोघांचं असं गूळपीठ, की तोंड-कान शाबूत असलेला नवराच त्या घरात परका झाला. तो आपला तिच्याशी मोठ्यानं बोलायचा, जणू तिचे कान गेले होते. ती डोळे मिटून घ्यायची.

त्या दुपारी फिजिओ ताई आली होती. नेहमीसारखा तिनं बायकोचा आखडलेला उजवा हात वर उचलला. त्या दिवशी जरा जास्त उचलला गेला. बायकोच्या तोंडातून आवाज निघत नाही, पण कळ आल्यावर डावा हात पट्टीवर टकटकला. साहेब आला. जो हात आपल्या बाईला दुखवत होता, तो त्यानं मनगटाच्या वर धरला आणि ताईला पलंगाच्या पायथ्याशी खाली पाडलं. धरलं ते धरलंच. समोरच्या घरातले पेन्शनर काका काठी घेऊन धावले, त्यांच्यामागून खालचे चारपाच जण आले. सगळे "सोड! सोड!" म्हणून ओरडत होते, पाय आपटत होते, काठ्या घालत होते. फळ्या चहूकडून हादरत होत्या, त्यात साहेबाला काय कळणार? तो आणखी घट्ट धरून राहिला. गादीवाला खाली मशीनवर होता, त्याला उशिरा कळलं. तो गर्दीत घुसला, साहेबाच्या बरगडीवर दोन थापा मारल्या, आणि साहेबानं लगेच सोडलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ताईच्या हाताला टाके पडले, दोन बोटं अजून नीट मिटत नव्हती. गाडी आली, साहेबाला फास घालून नेलं. त्या गोंधळात बायकोकडे कोणी पाहिलंच नाही.

"गादीवाले, येऊ का?" काका दारात उभे होते. तक्रारीवर पहिली सही त्यांचीच होती, तेव्हापासून ते रोज काहीतरी निमित्त काढून यायचे.

"आलाच आहात."

"तसं नव्हे हो. मी त्या कुत्र्याचा वैरी नाही. पण माझी नात येते सुट्टीला. उद्या तिचा गळा धरला तर?"

"तुमच्या नातीनं त्याच्या पाठीवर बसून फोटो काढलाय, काका. तुम्हीच काढलात."

काका उंबरा ओलांडून आत आले. मग म्हणाले, "पण जबडा लॉक होतो म्हणतात ना."

"होत नाही. तुम्हीसुद्धा सगळं खरं मानू नका." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "वर जरा बसाल का तिच्याजवळ? मला कोंडवाड्यात जायचंय. सूप ठेवलंय. घेणार नाही ती, पण विचारा."

काका मान हलवून वर गेले. गादीवाल्यानं मशीन थांबवलं आणि वरचा आवाज ऐकू यायच्या आत, पळत सुटावं तसा, तो दुकानाबाहेर पडला.

त्याच्या पायात जुने जाड बूट होते. टाचांना त्यानं काल लोखंडी नाल ठोकून घेतले होते. बेत साधा होता. परीक्षेत कुत्र्यांचा मास्तर "बस" म्हणेल, "सोड" म्हणेल. हा कुंपणाबाहेर उभा राहून टाच आपटेल. परवान्याच्या वेळी जमलं होतं, आजही जमेल. हा बेत त्यानं मनात इतक्या वेळा घोळवला होता, की त्यात काही चूक असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

कोंडवाडा म्हणजे पिंजऱ्यांची रांग आणि पुढे जाळीनं वेढलेलं अंगण. सगळे कुत्रे भुंकत होते. शेवटच्या पिंजऱ्यात साहेब भिंतीकडे तोंड करून पडला होता, चांगलाच वाळलेला. काठ्यांचे वळ पांढऱ्या कातडीवर अजून दिसत होते. त्याला अंगणात आणलं तेव्हा त्यानं वास घेतला आणि जाळीपलीकडे मालक दिसताच त्याचं अख्खं अंग शेपटीसकट हलायला लागलं. गादीवाल्याला भडभडून आलं.

"मालकानं बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत," पशुवैद्य डॉक्टरबाईंनी बजावलं. वयस्क, कोरड्या आवाजाच्या बाई. मास्तर हाताला जाड गादीची बाही चढवत होता. शिवण इतकी ढिली, की एरवी गादीवाल्यानं त्याला दोन शब्द सुनावले असते.

"बस!" मास्तर ओरडला.

गादीवाल्यानं टाच आपटली. नाल खणकन वाजला. साहेब त्याच्याकडेच बघत होता, शेपूट हलवत. बसला नाही.

"बस!"

पुन्हा टाच. साहेब उभाच. मग त्याची नजर मास्तरच्या हाताकडे गेली आणि तो आपल्या मनानंच बसला. डॉक्टरबाईंनी भुवई उंचावली. गादीवाल्यानं खाली पाहिलं. काँक्रीट होतं. जाळीच्या अलीकडे, पलीकडे, सगळीकडे काँक्रीट. लाकूड हादरा पुढे नेतं, काँक्रीट गिळून टाकतं. स्प्रिंग, फोम, काथ्या, फळ्या यांत उभा जन्म गेलेला माणूस, कुठला धक्का कुठे पोचतो आणि कुठे मरतो हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. आणि तो नाल ठोकत बसला होता.

मास्तर हात उगारून अंगावर आला. साहेबानं बाही धरली.

"सोड!"

गादीवाला दोन्ही टाचा आपटायला लागला. गुडघ्यांपर्यंत कळा गेल्या. साहेबाचं लक्ष बाहीत होतं.

"सोड! सोड म्हणतो ना!" मास्तर हात ओढत होता, आणि ओढला की साहेब आणखी दाबत होता, डुकरासाठी घडवलेला जीव तेवढंच शिकलेला. बाहीची शिवण उसवली, आतला फोम बाहेर आला. दोन माणसं फासाची काठी घेऊन धावली. फास मानेत पडला, आवळला. साहेबाचे डोळे बाहेर आले, जीभ काळी पडायला लागली. तरी सोडेना. त्याला मरण चाललं असतं. हात लागल्याशिवाय सोडायचं नाही, एवढंच त्याला माहीत होतं.

गादीवाला फाटक ढकलून आत शिरला. "अहो!" कोणीतरी ओरडलं. त्यानं गुडघ्यावर बसून साहेबाच्या बरगडीवर दोन थापा दिल्या. बाही तोंडातून गळून पडली. फास सैल झाला तसा साहेब खोकला, लडखडला आणि मालकाच्या मांडीत तोंड खुपसून उभा राहिला.

डॉक्टरबाई पाण्याचं स्टीलचं भांडं उचलून साहेबाच्या मागे गेल्या आणि त्यांनी ते उंचावरून काँक्रीटवर सोडून दिलं. मास्तर दचकला, गादीवाला दचकला, पिंजऱ्यांतले कुत्रे पेटून उठले. साहेबाचा कानही हलला नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"गादीवाले, मी कुत्र्यांची डॉक्टर आहे, तुमची सासू नाही. माझ्याशी खोटं बोलून काही मिळायचं नाही. कधीपासून बहिरा आहे?"

"जन्मापासून," तो म्हणाला. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळंच सांगून टाकलं. बादली, फळ्या, टाचा, परवाना, बायको. बाई ऐकत होत्या, साहेबाच्या मानेवरचा फासाचा वळ बोटानं चाचपत होत्या.

"हा चावरा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हे मी लिहीन. पण बहिरा डोगो शहरात ठेवता येत नाही. ते माझ्या हातात नाही."

"बाई, तो नाही आला तर माझी बायको मरेल हो. ती जेवत नाही. दिवसभर त्याला हाका मारते. मी पाया पडतो तुमच्या." आणि तो खरंच पडला, काँक्रीटवर डोकं टेकून. साहेबाला वाटलं खेळ आहे, त्यानं त्याचा कान चाटला.

"उठा. उठा आधी. अपील करता येईल. तोवर हा इथेच, पिंजऱ्यात. आणि अपील तुम्ही हरणार, मग सुई." बाईंनी पडलेलं भांडं उचलून बाजूला ठेवलं. "दुसरी एक वाट आहे. शहराबाहेर माळावर एक बाई असे कुत्रे सांभाळतात, दुहेरी कुंपण घालून. त्यांच्याकडे आज एक जागा आहे. पण एकदा दिला की दिला. परत घरी नाही."

गादीवाल्यानं साहेबाकडे पाहिलं. घरी नेता येत नव्हतं, हे एकच त्याला समजत होतं; बाकी सगळं डोक्यावरून जात होतं. बायकोसाठी भांडावं तर साहेब पिंजऱ्यात कुजून मरणार. साहेबाला जगवावं तर वर जाऊन तिला काय सांगायचं? मग तो मास्तरला म्हणाला, "जरा पाठ करा इकडे."

"का?"

"करा हो." त्यानं मास्तरच्या पाठीवर थाप मारली. "ही एक म्हणजे बस. सलग अशा मारल्या की ये. आणि दोन म्हणजे सोड. त्या बाईंना सांगाल ना? लाकडाची फळी टाकायला सांगा त्याच्या जागेत. फळीवर झोपतो तो."

"सांगतो," मास्तर म्हणाला.

गाडीत चढवल्यावर साहेब मागच्या जाळीतून बघत राहिला. तोंडाकडे नाही, मालकाच्या पायांकडे, काय हुकूम येतो म्हणून. गादीवाला पाय न हलवता उभा राहिला. गाडी वळली तरी तसाच उभा होता. डॉक्टरबाईंनी येऊन त्याचं कोपर धरलं तेव्हा भानावर आला.

घरी जिन्यावर काका भेटले. "काय झालं?"

"गेला."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दुसऱ्याच क्षणी त्याची लाज वाटून मान खाली घातली. "दोन घास घेतले नाहीत तिनं," ते पुटपुटले. "सारखं ते वाजवणं. मला नाही बसवलं हो तिथे. बाहेर येऊन थांबलो." आणि ते आपल्या दारात शिरले.

गादीवाल्यानं बूट काढले. अनवाणी आत जाऊन तो पलंगाशेजारी जमिनीवर बसला, साहेब बसायचा तिथेच. सांगायला शब्द नव्हते आणि पळून जायला आता मशीनही नव्हतं. म्हणून साहेबाला नेल्यापासून पहिल्यांदाच तो नुसता ऐकत बसला.

टक टक. मग थांबली. टक टक. मग थांबली. टक टक.

सलग नव्हतं ते. 'ये'चा हुकूम नव्हता. दोन, आणि दोन, आणि दोन.

सोड. सोड. सोड.

साहेबाला ती बोलावतच नव्हती. त्या दुपारी तिनंच कळ असह्य होऊन त्याला बोलावलं होतं, आणि मग ताई पायथ्याशी पडल्यावर पलंगाच्या कडेआड काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. मान वळत नव्हती, मध्ये माणसांच्या पाठी होत्या, आरडाओरडा होता. साहेबानं सोडलं हे तिला दिसलंच नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. हा दिवसभर बडबडणारा नवरा, याच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून तिच्यापुरतं साहेबानं ताईला धरूनच ठेवलं होतं, आणि ती पट्टीवर जीव तोडून सांगत होती, सोड. घास कसा उतरणार होता तिच्या गळ्याखाली? आणि तो खाली रिकामं मशीन चालवत होता.

"अगं," तो म्हणाला. मग त्यानं बोलायचा नाद सोडला. तो पुढे सरकला आणि तिचा निर्जीव उजवा हात मनगटाच्या वर आपल्या मुठीत घट्ट धरला, साहेबानं ताईचा धरला होता तसा. दुसऱ्या हातानं तिचा अंगुस्ताणाचा हात उचलून आपल्या बरगडीवर ठेवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या बरगडीवर दोन थापा दिल्या.

त्यानं मूठ उघडली. तिचा हात अलगद चादरीवर ठेवला आणि दोन्ही पंजे तिला उघडे करून दाखवले. "सोडलं गं," तो रडत म्हणाला. "तेव्हाच सोडलं होतं त्यानं. दोन थापांत सोडलं. ताई बरी आहे. ऐकलं त्यानं तुझं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं नजर दाराकडे नेली, फळ्यांवरच्या पांढऱ्या केसांकडे नेली आणि परत त्याच्याकडे आणली. विचारत होती. त्यानं मान हलवली. नाही म्हणून. तो येणार नाही, हे तिला पुरतं कळेपर्यंत मान हलवत राहिला.

तिचा हात पट्टीकडे गेला. पण ती वाजवेना. बोटांनी अंगुस्ताण चाचपून तिनं ते अंगठ्यानं ढकललं, आणि ते फळीवर पडून घरंगळत पलंगाखाली गेलं. मग तिनं डोळे मिटून तोंड किंचित उघडलं. सूप गार झालं होतं, तरी त्यानं चमचा भरला.